अंडे सरकारचे, फरक मुख्याध्यापकांचा

शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे द्यायचे, असा शासन निर्णय महाराष्ट्र सरकारने ७ नोव्हेंबर २०२३ रोजी काढला. २८ जानेवारी २०२५ च्या शासन निर्णयाने त्याच अंड्याचा निधी थांबवला. ज्या शाळांना अंडी द्यायची असतील त्यांनी ती लोकसहभागातून द्यावीत, असे त्यात म्हटले होते. मधल्या सव्वा वर्षात राज्यभरच्या मुख्याध्यापकांनी अंडी विकत आणली, उकडून घेतली, मोजली, नोंदवली आणि पदरचे पैसे घालून हिशेब जुळवला.

धोरण शाळेच्या दारात आले की त्याचे काय होते, हे पाहायला मी हे छोटे प्रकरण मुद्दाम निवडले आहे. तिसरी भाषा, टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), संच मान्यता (पटानुसार शिक्षकांची पदे ठरवणे) यांबद्दल मुख्याध्यापकांना विचारले तर उत्तर बहुधा संघटनेच्या निवेदनाच्या भाषेत येते. अंड्याबद्दल विचारले की वही उघडली जाते.

आधी मुख्याध्यापक म्हणजे कोण, ते पाहू. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत पट १५० च्या वर गेला तरच स्वतंत्र मुख्याध्यापकाचे पद मिळते. साठपर्यंत पट असेल तर दोन शिक्षक. वाडी-वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळांना हे दुसरे कलमच लागू होते. त्यामुळे तिथले ‘हेडसर’ किंवा ‘मोठ्या बाई’ म्हणजे दोन शिक्षकांपैकी ज्येष्ठ असलेले, प्रभारी. तिसरी-चौथीचा वर्ग त्यांच्याकडेच असतो. यू-डायस या सरकारी ऑनलाइन प्रणालीत भरायची शाळेची माहिती, आधारची जुळणी, शाळा व्यवस्थापन समितीचे इतिवृत्त, शिष्यवृत्तीचे फॉर्म आणि अकरा वाजता शिजायला लागणारी खिचडीही त्यांच्याच अंगावर असते. धोरणाच्या कागदावर ‘मुख्याध्यापकांनी खातरजमा करावी’ असे लिहिताना लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर केबिनमध्ये बसलेला अधिकारी असतो. शाळेत तसा कोणी नसतो.

योजनेचा इतिहास थोडक्यात. १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राची योजना सुरू झाली तेव्हा आपल्याकडे मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचा. त्या वयाच्या वाचकांना पिशवी घेऊन लावलेली रांग आठवत असेल. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्नच द्या असा आदेश दिला आणि शाळेच्या आवारात चूल आली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तो मुलांचा हक्क झाला. २०२१ मध्ये योजनेचे नाव पीएम पोषण झाले. खर्च केंद्र आणि राज्य ६०:४० असा वाटून घेतात. धान्य केंद्राचे. प्राथमिकच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, पाच ग्रॅम तेल. त्यातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, हा निकष आहे. सहावी ते आठवीसाठी ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम.

तांदूळ सोडून बाकी सगळ्यासाठी, म्हणजे डाळ, तेल, मीठ-मसाला, भाजी आणि जळण यासाठी, प्राथमिकच्या मुलामागे रोजचा दर ऑक्टोबर २०२२ पासून ५ रुपये ४५ पैसे होता. डिसेंबर २०२४ पासून तो ६ रुपये १९ पैसे झाला, मे २०२५ पासून ६ रुपये ७८ पैसे. ग्रामीण भागात या रकमेतला धान्यादी मालाचा हिस्सा पुरवठेदारामार्फत वस्तूंच्या रूपात येतो. इंधन-भाजीपाल्याचे पैसे तेवढे शाळेच्या किंवा बचत गटाच्या खात्यावर पडतात, आणि तेही कधी पडतील याची खात्री नसते. कांदा-बटाटा उधारीवर आणायचा, बिल मंजूर झाले की दुकानदाराचे द्यायचे, ही रीत इतकी जुनी आहे की तिच्याबद्दल आता कोणी तक्रारही करत नाही.

या चौकटीत अंडे आले. अंड्यामागे पाच रुपये राज्य सरकार देणार, बुधवारी किंवा शुक्रवारी वाटप, उकडलेले अंडे किंवा अंडा पुलाव. जी मुले अंडे खात नाहीत त्यांना केळे किंवा स्थानिक फळ. सुरुवातीला ही तरतूद २३ आठवड्यांसाठी होती.

निर्णय चांगला होता, हे आधीच सांगून टाकतो. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे प्राथमिकच्या मुलाच्या शाळेतल्या जेवणाच्या निकषाच्या निम्मी. तांदूळ आणि २० ग्रॅम डाळीवर बारा ग्रॅमचा आकडा कागदावर गाठता येतो; ताटात तो गाठला जातो का, हे डाळ किती पातळ झाली यावर ठरते. अंडे पातळ करता येत नाही. त्यातला अर्धा भाग कोणी काढून ठेवू शकत नाही, त्याला भेसळ लागत नाही, आणि ते मिळाले की नाही हे पहिलीतले मूलही सांगू शकते. अंड्याच्या दिवशी हजेरी सुधारते हे लहान शाळांच्या शिक्षकांचे निरीक्षण मला पटते.

पण दर पाच रुपये. अंड्याचा घाऊक दर राष्ट्रीय अंडी समन्वय समिती रोज जाहीर करते. तिचे मुख्यालय पुण्यात आहे. प्राथमिक शिक्षण संचालनालयही पुण्यातच आहे. त्या हिवाळ्यात गावच्या किराणा दुकानात अंडे सहा-सात रुपयांना होते. थंडीत मागणी वाढते आणि भाव चढतो, हे पोल्ट्रीवाल्याला, भुर्जीच्या गाडीवाल्याला आणि घर चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. योजना सुरू झाली नोव्हेंबरात.

समजा शाळेचा पट ४० आहे आणि अंडे साडेसहा रुपयांना पडते. आठवड्याला २६० रुपये लागतात, सरकार देते २००. फरक ६० रुपये. तेवीस आठवड्यांत १३८० रुपये. रक्कम फार मोठी नाही आणि खरी अडचण तिथेच आहे. एवढ्या पैशांसाठी कोणी मोर्चा काढत नाही. मुख्याध्यापक खिशातून घालतात, नाहीतर दुकानदाराशी घासाघीस करतात. चारशे पटाच्या शाळेत मात्र हाच फरक १३,८०० रुपये होतो. पाच रुपयांत अंडे बसवायचे होते. त्यात वाहतूक, फुटलेली अंडी, उकडायचा गॅस आणि ४० अंडी सोलायचा वेळ यांना जागाच नव्हती.

मग एक साधी पळवाट दिसते. पाच रुपयांत अंडे बसत नसले तरी केळे बसते. ज्या शाळेत दहा मुले अंडे खात नाहीत तिथे वीस मुलांच्या नावापुढे केळे लागण्याची ओढ या दरातच होती. केळ्यात प्रथिने जेमतेम एक ग्रॅम. कोणी लबाडी केली असे मी म्हणत नाही. ज्याच्यावर हिशेब जुळवण्याची जबाबदारी आहे तो हिशेब जुळणाऱ्या बाजूला सरकणारच, आणि प्रथिनांसाठी काढलेली योजना दराच्या एका आकड्यामुळे फळवाटपाकडे झुकणार.

दुसरा गुंता पालकांचा. अंड्याला काही समाजघटकांचा, धार्मिक संघटनांचा विरोध झाला. जानेवारी २०२४ मध्ये खुलासा आला की ४० टक्क्यांहून अधिक पालकांचा विरोध असलेल्या शाळांत अंड्याऐवजी फळ द्यावे. आता हा टक्का काढणार कोण? मुख्याध्यापक. वर्गवार संमती घ्या, यादी करा, ती केंद्रशाळेत, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या मुख्य शाळेत, पाठवा. अनुदानित शाळेत याच्या जोडीला संस्थाचालक आले. संस्थेच्या विश्वस्तांना आवारात अंडे शिजलेले चालत नाही आणि शासन निर्णय म्हणतो द्या. मधल्या खुर्चीत बसलेल्या बाईंनी काय करायचे, यावर शासन निर्णय काही बोलत नाही. माझ्या मते हा प्रश्न शाळेपर्यंत येऊच द्यायला नको होता. कोणी काय खावे यावर गावात मतदान घेण्याचे काम मुख्याध्यापकांचे नव्हे.

शहरांत चित्र निराळे. महापालिका क्षेत्रात अनेक ठिकाणी जेवण केंद्रीय स्वयंपाकगृहातून बंद डब्यांत येते. पुरवठादार संस्था शाकाहारी तत्त्वावर चालणारी असेल तर तिच्या भटारखान्यात अंडे शिजत नाही. मग अंडी स्वतंत्रपणे आणायची, शाळेत चूल नाही, उकडायची कुठे? शहरातल्या मुख्याध्यापकांचे मत म्हणूनच गावापेक्षा वेगळे असते. त्यांची तक्रार पाच रुपयांची नसते. आपल्या शाळेत काय येते यावर आपला काडीचाही अधिकार नाही, पण चव घेऊन नोंदवहीत सही करणारे आपण, ही त्यांची तक्रार आहे.

त्या सहीचा धाक कुठून आला तेही सांगायला हवे. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामण गावच्या शाळेत जेवणातून विषबाधा होऊन २३ मुले गेली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळले गेले होते. तिथल्या मुख्याध्यापिकेला २०१६ मध्ये सत्र न्यायालयाने शिक्षा सुनावली. त्यानंतर देशभर जेवण वाढण्यापूर्वी शिक्षकाने चव घेण्याचा नियम कडक झाला. प्रत्येक शाळेच्या चव नोंदवहीमागे गंडामण आहे. पाली-विंचवाची भीती बाळगणारे हेडसर रोज दोन घास खाऊन अर्धा तास थांबतात, तेव्हा ते नियमापेक्षा जास्त त्या बातमीला भिऊन असतात.

अंड्याची घडी बसते न बसते तोच ११ जून २०२४ चा शासन निर्णय आला. आहारतज्ज्ञ आणि पाककलेतले जाणकार घेऊन नेमलेल्या समितीने पंधरा पाककृती सुचवल्या होत्या. आता जेवण तीन भागांत: पुलाव, मसाले भात किंवा खिचडीसारखा मुख्य पदार्थ, मोड आलेली कडधान्ये, आणि गोड म्हणून तांदळाची खीर किंवा नाचणीचे सत्त्व. कागदावर हा बदलही चुकीचा नाही. रोज तीच पिवळी खिचडी खाऊन मुले कंटाळतात, हे कोणत्याही शाळेत जाऊन बघता येते. पण मोड आणायचे तर मटकी दोन दिवस आधी भिजवायला हवी. खिरीला साखर आणि दूध हवे. स्वयंपाकी तथा मदतनीस बाईंचे मानधन २०२३ मध्ये दीड हजारावरून अडीच हजार झाले, म्हणजे दिवसाला शंभर रुपयांच्या आसपास. शेगडी एक. पाककृतींच्या तक्त्यात त्या बाईंचा विचार कुठेच दिसत नाही.

यावर मात्र मुख्याध्यापकांच्या संघटनांनी, व्यवस्थापन समित्यांनी आणि स्वयंपाकी महिलांनी जोरात तक्रारी केल्या. मागणी सरळ होती: पदार्थ कमी करा, सोपे करा, आणि जे सांगाल त्याचे पैसे द्या.

सरकारने तक्रारींचा विचार करून २८ जानेवारी २०२५ ला पाककृतींची नवी यादी काढली. यादी आटोपशीर झाली. अंडा पुलाव, खीर आणि नाचणी सत्त्व ऐच्छिक झाले. पण अंड्यांसाठी आणि साखरेसाठी वेगळा निधी मिळणार नाही, तो व्यवस्थापन समितीने लोकसहभागातून उभा करावा, हेही त्याच कागदावर आले. मुख्याध्यापकांनी ओझे कमी करा म्हटले होते. त्यांच्या मागणीचा अर्धा भाग ऐकला गेला आणि उरलेला अर्धा उलटा झाला. इथून पुढे मुख्याध्यापक मत द्यायला कचरतील, हा या प्रकरणाचा मला सर्वांत वाईट वाटणारा परिणाम आहे. तक्रार केली तर योजनाच जाईल, हे ज्याला एकदा कळले तो पुढच्या वेळी अभिप्रायाच्या रकान्यात ‘निरंक’ लिहून मोकळा होतो.

अंड्यांसाठी राज्याचा खर्च वर्षाला सुमारे ५० कोटी होता, असा आकडा तेव्हा वर्तमानपत्रांत आला. मुलामागे पाच रुपयांची २३ अंडी धरली तर ११५ रुपये होतात; त्या हिशेबाने ५० कोटींत ४३-४४ लाख मुले बसतात. योजनेखालची मुले त्याच्या दुपटीहून जास्त आहेत. म्हणजे तरतूद मुळातच अपुरी होती, किंवा सगळ्यांपर्यंत ती पोहोचणार नाही हे गृहीत धरलेले होते. त्याच आर्थिक वर्षात लाडकी बहीण योजनेसाठी वर्षाला ४६ हजार कोटींचा आकडा जाहीर झाला होता. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की तिजोरीच्या अडचणीचा युक्तिवाद ऐकताना थोडा संयम बाळगावा लागतो.

लोकसहभागाचे गणित मांडून पाहू. जानेवारी २०२५ मध्ये प्राथमिकच्या मुलामागे दिवसाच्या स्वयंपाकाचा दर ६ रुपये १९ पैसे. बाजारात एक अंडे साडेसहाला. गावाने आठवड्याला एक अंडे द्यायचे म्हणजे सरकार एका दिवसाच्या जेवणासाठी जेवढे देते तेवढे गावाने जमवायचे. आपल्याकडे शाळेला मदत करण्याची परंपरा मोठी आहे, यात वाद नाही. रंगरंगोटी, कुंपण, टीव्ही संच, स्पीकर, वह्या, संगणक. अनेक जिल्हा परिषद शाळा लोकवर्गणीवरच सजल्या आहेत. पण या सगळ्या एकदाच द्यायच्या आणि नाव लिहायच्या वस्तू आहेत. अंड्यावर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ असे लिहिता येत नाही आणि ते दर बुधवारी पुन्हा लागते. वाढदिवसाला शाळेत जेवण देणारा पालक जिलेबी किंवा श्रीखंड देतो. अंडी दिली तर भावकीत काय म्हणतील, हा विचार त्याच्या मनात येतोच. श्रावणात आणि मार्गशीर्षात तर विचारायलाच नको.

शिवाय जिथे अंड्याची गरज जास्त तिथे देणारा हात कमी. बीड जिल्ह्यातल्या ज्या वस्तीवरचे निम्मे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, तिथे हेडसरांनी वर्गणी मागायची कोणाकडे? जी मुले आजी-आजोबांपाशी मागे राहतात त्यांच्यासाठी शाळेतले जेवण हे दिवसातले मुख्य जेवण असते. बाजारपेठेच्या गावातली शाळा मात्र व्यापारी संघटनेला एक पत्र देऊन वर्षभराची सोय करू शकते. हक्क म्हणून दिलेली गोष्ट देणगीवर सोडली की ती अशी वाटली जाते.

या सगळ्यात कायद्याचे एक कलम मला फार बोलके वाटते. मध्यान्ह भोजनाचे केंद्राचे नियम सप्टेंबर २०१५ मध्ये आले. धान्य, पैसे वेळेवर आले नाहीत तर मुख्याध्यापकांना शाळेचा उपलब्ध कोणताही निधी वापरून जेवण चालू ठेवण्याचा अधिकार त्यात दिला आहे. तो खर्च नंतर भरून मिळतो. सलग तीन दिवस किंवा महिन्यात पाच दिवस जेवण मिळाले नाही, तर राज्याने जबाबदारी निश्चित करायची आहे. अधिकार दिला, पण दोन शिक्षकी शाळेच्या खात्यात ‘उपलब्ध कोणताही निधी’ किती असतो? आणि परतावा आला नाही तर मुख्याध्यापकांनी दाद कुठे मागायची, तेही शाळा तपासायला येणाऱ्या त्याच अधिकाऱ्याकडे?

शेजारी पाहिले तर रस्ता दिसतो. तमिळनाडूत एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२ मध्ये योजना विस्तारली तेव्हापासून जेवणासाठी स्वतंत्र संघटक आहे. मुख्याध्यापक देखरेख करतात, भाजी आणायला जात नाहीत. तिथे अंडी आठवड्यातून पाच दिवस मिळतात आणि खरेदी राज्य पातळीवरच्या निविदेने होते, त्यामुळे भाव चढला तर तो डोकेदुखीचा विषय पुरवठादार आणि सरकार यांच्यातला राहतो. कर्नाटकने २०२४ मध्ये अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या साहाय्याने अंडी आठवड्यातून सहा दिवसांवर नेली. तिथेही दर अपुरा असल्याची ओरड झाली, पण दर ठरवताना उकडण्याच्या इंधनाचा आणि सोलण्याच्या मजुरीचा विचार झाला होता. तिथेही पैसा बाहेरून आला. फरक इतकाच की तो सरकारने एका मोठ्या संस्थेशी करार करून आणला, प्रत्येक गावच्या हेडसरांना पावतीपुस्तक देऊन पाठवले नाही.

अंड्याचा निधी पुन्हा द्यायचा झाला तर महाराष्ट्रात निदान दोन बदल सहज करता येण्यासारखे आहेत. अंड्याचा दर समन्वय समितीच्या जाहीर दराशी बांधून दर तीन महिन्यांनी बदलावा, आणि पैसे आगाऊ द्यावेत. तिसरा बदल पैशांचा आहे: केंद्रशाळेच्या पातळीवर पोषण आहाराचा हिशेब, खरेदी आणि नोंदी पाहणारी एक व्यक्ती नेमणे.

मुख्याध्यापकांमध्ये यावर एकमत आहे असे समजण्याचे कारण नाही. संघटनांची जुनी मागणी आहे की पोषण आहार पूर्णपणे दुसऱ्या यंत्रणेकडे द्या, आम्हाला शिकवू द्या. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामे देऊ नका म्हणते, त्याचा आधार ते घेतात. लहान शाळांतल्या काही शिक्षकांना मात्र खिडकीतून दिसणारी चूल हवी असते. कोणते मूल आज जेवले नाही, कोणते दुसऱ्यांदा भात मागते, कोण डब्यात भात घालून घरी नेते, हे त्यांना कळते ते तिथून. खरेदी आणि नोंदी काढून घ्या, पण पंगतीतून आम्हाला उठवू नका, असे त्यांचे म्हणणे. संघटनेच्या निवेदनात ही छटा येत नाही. शासनाच्या ऑनलाइन अभिप्रायात ‘होय’ आणि ‘नाही’ असे दोनच पर्याय असतील तर तिथेही ती येणार नाही. पुढचा शासन निर्णय लिहायला बसणाऱ्याने त्याआधी वीस पटाच्या, दोनशे पटाच्या आणि केंद्रीय स्वयंपाकगृहावर चालणाऱ्या अशा तीन शाळांच्या मुख्याध्यापकांना एका टेबलाशी बसवावे आणि पहिला प्रश्न दराचा विचारावा.